गुडघ्याची वाटी सरकली: टर्फपासून टर्फपर्यंतच्या नोंदी

राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, वय 29, काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी लेथवर. 14 जुलै 2024 ला उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला निसटली. रोज वहीत लिहीत होतो, त्यातलं कामाचं तेवढं इथं उतरवतोय. पहिल्यांदाच वाटी सरकलीय आणि डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलंय, अशांना याचा उपयोग होईल.

मापं सगळी शिंप्याच्या टेपनं घेतलीत. गुडघ्याचा घेर वाटीच्या मधोमध, मांडीचा घेर वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंमी वर. डावा, म्हणजे चांगला पाय: गुडघा 37, मांडी 46.

14 जुलै, रविवार
पावसामुळं मैदानात चिखल, म्हणून पोरांनी फुटबॉलसाठी टर्फ, म्हणजे नकली गवताचं मैदान, बुक केलं. मी मातीवरचे लांब स्टडचे बूट तसेच घालून गेलो. सगळ्या नोंदींत ही चूक सगळ्यात महाग पडली. डावीकडं वळलो, स्टड कार्पेटात रुतून बसले, पाय जागेवर आणि अंग फिरलं. गुडघा जरासा वाकलेला होता. आतून 'गटक्' झालं आणि बघतो तर वाटी समोर नाही, बाजूला फुगवटा. एक जण ओढून बसवायला पुढं आला, त्याला शिव्या घालून थांबवला. पाय हळूहळू सरळ करताना ती आपली आपण आत गेली. पंधरा मिनिटांत गुडघ्याचा नारळ झाला.

15 जुलै
एक्सरे: समोरून, बाजूनं, आणि एक गुडघा वाकवून वाटीच्या दिशेनं. हाड मोडलेलं दिसलं नाही. सूज इतकी टणक होती की डॉक्टरांनी सुई घालून 40 मिली रक्त काढलं. ते ट्रेमध्ये ओतून उजेडात तिरकं धरलं आणि त्यावर तेलाचे थेंब तरंगतायत का ते बघितलं. तेल दिसलं तर हाडाला कुठंतरी तडा असणार, कारण ते हाडाच्या आतल्या मगजाचं तेल. माझ्यात दिसलं नाही. लांब ब्रेस घातला, मांडीपासून पोटरीपर्यंत, 1,600 रुपये. एमआरआय करून घ्या म्हणाले.

16 जुलै
मामा आले. आयुष्य तालमीत गेलेला माणूस. "मुरगळलंय रं, चोळलं की बसतंय." मला नाही म्हणता आलं नाही. गरम मिठाची पुरचुंडी आणि तेल, वीस मिनिटं. सकाळी टेप 40 दाखवत होता, रात्री 41.5. मामांचा हात चांगला आहे, पण ताज्या रक्तस्रावावर शेक आणि चोळणं हे भरलेल्या टाकीत आणखी पाणी सोडण्यासारखं झालं. त्या दिवसापासून पाय उशीवर आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, दिवसातून चार वेळा.

17 जुलै, आषाढी
आई नंदवाळला दिंडीत जायची होती, माझ्यामुळं राहिली. एमआरआय 6,500. पगार 21,000 च्या वर गेल्यापासून मी ईएसआय या कामगार विम्यातून बाहेर, त्यामुळं सगळं खिशातून.

रिपोर्ट डॉक्टरांनी समजावून सांगितला तो असा. वाटीला आतल्या बाजूनं धरून ठेवणारी एक पट्टी असते, ती मांडीच्या हाडाकडच्या टोकाला फाटलीय. पाय सरळ असल्यापासून साधारण 30 अंश वाकेपर्यंत वाटी खोबणीत नीट बसलेली नसते, तेवढ्यात मुख्य भार याच पट्टीवर. त्याच्या पुढं खोबणी तिला सांभाळते. वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला मुका मार, म्हणजे जाताना-येताना दोघांची टक्कर झालीय. सुटा तुकडा नाही. ऑपरेशन टळलं ते मुख्यतः यावर. तुकडा निघाला असता तर पुढच्या नोंदी वेगळ्या झाल्या असत्या. टीटी-टीजी नावाचं एक माप (मांडीच्या हाडाची खोबण आणि नडगीचा उंचवटा यांतलं आडवं अंतर) 14 मिमी आलं. 20 च्या वर गेलं आणि वाटी वारंवार सरकत असली की हाड सरकवायच्या ऑपरेशनचा विचार करतात. डॉक्टर मिमीत बोलायला लागल्यावर मला जरा धीर आला.

18 जुलै
घरात भारतीय संडास. पाय सरळ ठेवून उकिडवं कसं बसणार? कमोडचं स्टूल 1,400. हा विचार आधी कुणीच केलेला नसतो.

21 जुलै
फिजिओथेरपीची पहिली बैठक, 400 रुपये. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मॅडम म्हणाल्या, "ही दाबा, मांडी आवळा." मी जोर लावला, दात आवळले, डावी मांडीही आवळली. उजवी मात्र शेवयाच्या गोळ्यासारखी ढिली. जोर माझा, पण निरोप तिथं पोचत नव्हता. सांध्यात पाणी साठलं की शरीर मांडीचा तो स्नायू आपण होऊन बंद करतं, इच्छाशक्तीचा यात काही संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. आधी सूज, मग ताकद, हा क्रम तिथं समजला.

मग मांडीवर दोन पॅड लावून करंट दिला. मुंग्या आल्या, मांडी आपोआप आवळली. "आता तुम्ही पण त्याच्याबरोबर आवळा." दहाव्या वेळेला स्नायूचा एक पदर माझ्या हुकमानं हलल्यासारखा वाटला. पाय सरळ उचलायला सांगितल्यावर टाच वर आली, पण गुडघा 15 अंश वाकलेलाच. हा वाक जाईपर्यंत ब्रेसशिवाय चालायचं नाही.

26 जुलै
पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या वर. मॅडमनी फोन करून सांगितलं, येऊ नका. पाच दिवस व्हिडिओ कॉलवर. मांडी आवळणं: 10 सेकंद धरायचं, 10 वेळा, दिवसातून सहा वेळा. तळवा गुडघ्याखाली घालून दाब मोजायचा. पुढं पाय सरळ उचलायचा, पण आधी मांडी आवळून मगच. हा 'मगच' मी पहिले दोन दिवस गाळला आणि ते दोन दिवस फुकट गेले.

8 ऑगस्ट
ब्रेस दोन आठवड्यांनी हळूहळू काढायला सांगितला होता. मी साडेतीन आठवडे घालून बसलो, रात्री झोपतानाही. भीती, दुसरं काय? आज मॅडमनी टेप लावला: मांडी 42.5. साडेतीन सेंमी मांडी गेली. गुडघा 65 अंशांच्या पुढं वाकेना. "वाटी सांभाळताय, पण तिला सांभाळणारा स्नायू वाळवताय," म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता म्हणून जास्त लागलं.

ब्रेस तिथंच काढून पिशवीत भरून आणला. त्याऐवजी मधे भोक आणि बाहेरच्या बाजूनं गादी असलेला वाटीचा पट्टा, 1,250.

10 ते 18 ऑगस्ट
वाकवण्याचं काम. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवून शहाबादी फरशीवर टाच ओढत जवळ आणायची. कोन मोजायला शॉपमधला, म्हणजे कारखान्यातला, कोनमापक घरी आणला. 65, 72, 78, 78, 78, 90, 96, 104. मधले तीन 78 बघून रडू येईल असं झालं होतं. चौथ्या दिवशी कारण सापडलं: मी टाच ओढायचो पण कंबर मागं सरकवायचो. पाठ भिंतीला टेकवली, लगेच 90.

याच आठवड्यात ओल्या अंगणात पायताण घालून घसरलो. पडलो नाही, पण काळजाचं पाणी झालं. कातड्याचा गुळगुळीत तळ आणि पाऊस. पायताण दिवाळीपर्यंत खुंटीवर.

19 ऑगस्ट
कामावर हजर. बिनपगारी सुट्ट्या 19. सुपरवायझरनी मशीनजवळ स्टूल दिलं, पण जॉब बदलायला दर चार मिनिटांनी उठायचंच. संध्याकाळी गुडघा 38.5.

मॅडमचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला: रात्रीचं माप बघायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचं बघायचं. सकाळी अर्ध्या सेंमीच्या वर वाढलं तर आदल्या दिवशीचं काम निम्मं करायचं. तेवढंच असलं तर तेवढंच चालू. तीन सकाळी स्थिर राहिलं तर वाढवायचं. बाकी सगळा सल्ला एकीकडं आणि हा एकीकडं. पुढच्या माझ्या दोन्ही मोठ्या चुका हा नियम मोडूनच झाल्या.

25 ऑगस्ट
वाटीवर चिकट टेप लावायला शिकलो. आधी पातळ पांढरा, त्यावर कडक चॉकलेटी, वाटी आतल्या बाजूला ओढून. ही पद्धत जेनी मॅकॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओनी 1980 च्या दशकात रूढ केली. लावल्याबरोबर जिना उतरताना दुखणं निम्म्यावर आलं. पण टेप म्हणजे हाडाला ठोकलेली पाचर नव्हे. त्यानं दुखणं कमी होतं, आणि दुखणं कमी झालं की मांडी काम करते, इतकंच. श्रावणाच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी कातडीवर लाल चट्टे. मग फक्त व्यायामापुरता लावायचा आणि काढायचा. तीन रोल, 1,950.

1 सप्टेंबर
आजचं सगळ्यात नीट वाचा.

शॉपमधल्या प्लायवूडच्या तुकड्यांतून 10, 15 आणि 20 सेंमी उंचीचे तीन ठोकळे बनवले होते. 10 च्या ठोकळ्यावर उजव्या पायानं उभं राहायचं, डावी टाच पुढं जमिनीला हळूच टेकवायची आणि वर यायचं. मी पंधरा वेळा सटासट केलं आणि खूश झालो. मॅडमनी मला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. "आता बघत करा."

खाली जाताना उजवा गुडघा अंगठ्याच्या आत घुसत होता आणि डावीकडची कंबर खाली लटकत होती. म्हणजे 14 जुलैला जे घडलं त्याचीच छोटी आवृत्ती मी दिवसाला पंधरा वेळा करत होतो. मांडीचं हाड आत फिरलं की खोबणीच वाटीखालून आत सरकते, आणि वाटी आपसूक बाहेरच्या कडेला जाते. म्हणजे हाडाला फिरू न देणारे कुल्ल्याचे स्नायू कच्चे. मी दीड महिना फक्त मांडीकडं बघत होतो.

मॅडमनी वाटीच्या मधोमध पेननं ठिपका काढला आणि आरशावर त्याच्या समोर चिकटपट्टीची उभी रेघ मारली. ठिपका रेघेवरून हलला की ती फेरी धरायची नाही. खाली जायला तीन सेकंद. पंधरातल्या चार धरल्या गेल्या. चार! लेथवर एवढा रिजेक्शन रेट असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

त्यानंतरचा कार्यक्रम: कुशीवर झोपून गुडघे वाकवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणं, कुशीवरच पाय सरळ ठेवून वर आणि जरा मागं उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि रबरी पट्टा गुडघ्याच्या वर बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं. पट्टा 500. आई म्हणाली, "त्या पट्ट्यात बांधून ठेवलंय तेच बरं, घरात तरी सापडतोस."

18 सप्टेंबर
काल विसर्जन मिरवणूक. "फक्त बघायला" गेलो आणि सहा तास उभा. ढोलाजवळ थोडं नाचलोही, वाटीचा पट्टा होता म्हणून हिंमत. सकाळी 39.5. नियमाप्रमाणं सगळं निम्मं, चौथ्या दिवसापर्यंत जिना नाही. मूळ मापावर यायला आठ दिवस गेले. पट्ट्यानं वाटी सांभाळली, सूज सांभाळणं त्याचं काम नव्हे.

28 सप्टेंबर
दुसरी मोठी चूक. मांडी 44 झाली म्हणून अंगात आलं आणि लहानपणी मामांनी शिकवलेल्या बैठका मारल्या, पूर्ण खालपर्यंत, तीस. तेव्हा काही नाही. रात्री वाटीमागं ठणका, सकाळी 38.

याच्या आधी जिममध्ये बसून पाय सरळ करायच्या मशीनवरही असाच ठणका बसला होता, पण तिथं दुखायचं ते पाय सरळ होत येताना. दोन्ही उलट कसं? मॅडमनी सांगितलं: पाय जमिनीवर टेकलेला असताना जितकं खोल जाल तितका वाटीमागचा दाब वाढतो. पाय हवेत असताना आणि वजन घोट्याला असताना उलट, सरळ होत जाताना वाढतो. म्हणून सध्या उभ्यानं करायचं ते 45 अंशांपर्यंतच, आणि मशीनवर 90 पासून 45 पर्यंत, तिथून पुढं नेऊन सरळ करायचं नाही. मशीनला त्या जागी अटकण लावता येते, पिन बदलायची. जिममधल्या पोराला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, तालमीत पण नवख्याला पहिल्या दिवशी पूर्ण बैठक देत नाहीत.

12 ऑक्टोबर
दसरा चौकात चालत गेलो, सोनं लुटून चालत परत. सकाळी 37.5. पट्ट्याशिवाय.

20 ऑक्टोबर
आरशासमोर 15 सेंमीचा ठोकळा, पंधरातल्या तेरा धरल्या. मांडी 44.8. स्थिर सायकल रोज 20 मिनिटं. सीट खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि दुखतो, दोन खाचा वर घेतली आणि दुखणं बंद.

30 ऑक्टोबर
पुतण्याचा किल्ला बांधायला मातीत गुडघे टेकून बसलो. दोन मिनिटांत उठलो, वाटीवर थेट भार अजून सोसत नाही. पन्हाळा त्यानं एकट्यानं बांधला, मी लांबून विशाळगड म्हणून एक दगड ठेवला.

24 नोव्हेंबर
एका पायावर लांब उडी, उतरायचंही त्याच पायावर. डावा 148 सेंमी, उजवा 126. म्हणजे 85 टक्के. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल हंगामाचं पेठेत सगळीकडं बोलणं चाललेलं, खेळू द्या म्हणून मी मॅडमना गळ घातली. नाही म्हणाल्या. कमीत कमी 90 टक्के, आणि उतरताना आवाज नको. मोबाईलवर व्हिडिओ काढला: डावा पाय मांजरासारखा उतरतो, उजवा 'धप्'. धप् म्हणजे गुडघा न वाकवता, घाबरून, ताठ उतरतोय. अंतरापेक्षा ते जास्त खटकलं.

डॉक्टरांकडंही जाऊन आलो. त्यांनी पाय सैल सोडायला सांगून वाटी अंगठ्यानं बाहेरच्या बाजूला ढकलली. माझा हात माझ्या नकळत त्यांच्या मनगटावर. ते हसले, "हात अजून तयार नाही तुमचा."

8 डिसेंबर
जोतिबाला गेलो. पायऱ्या चढताना काही नाही, उतरताना सुरुवातीला आडवा, कठडा धरून. मग मोजत, तीन सेकंदांना एक पायरी, सरळ. मागचे लोक वैतागले. सकाळी 37.2.

22 डिसेंबर
उडी: डावा 149, उजवा 139. 93 टक्के. आवाज नाही. मांडी 45.5, राहिलेला अर्धा सेंमी कधी भरेल तेव्हा भरेल. डॉक्टरांनी वाटी ढकलली, हात जागेवर राहिला. पोटात मात्र कालवलं, ते त्यांना सांगितलं नाही. इथं लिहितोय.

आतापर्यंतचा खर्च, बिनपगारी सुट्ट्या सोडून: फिजिओच्या 22 बैठका 8,800, एमआरआय 6,500, एक्सरे 700, डॉक्टरांची फी 2,000, औषधं 900, ब्रेस आणि वाटीचा पट्टा 2,850, स्टूल 1,400, टेप 1,950, रबरी पट्टा 500. एकूण 25,600. टर्फसाठी सपाट तळाचे बूट त्या वेळी 1,200 ला मिळत होते.

12 जानेवारी 2025, रविवार
तेच टर्फ. सपाट तळाचे, बारीक दाण्यांचे बूट. आधी एकट्यानं वीस मिनिटं धावणं, थांबणं, दोन्हीकडं वळणं. मग पोरांबरोबर पंधरा मिनिटं, धक्काबुक्की नको या अटीवर. डाव्या अंगाला वळायची वेळ एकदाच आली आणि मी चेंडू मागं देऊन टाकला. पोरं ओरडली. दुसऱ्यांदा वळलो.

13 जानेवारी
सकाळी 37.1. स्टडचे बूट धुऊन पुतण्याला दिले, तो मातीवर खेळतो. दोन नंबर मोठे आहेत, पुढं कापूस घालून घातले त्यानं.